क्लोव्हर, सोयाबीन आणि ऋतुनिवृत्ती



हा विषय मांडवात बोलण्याचा नव्हे, असे काहींना वाटेल. परंतु पाळी थांबण्याच्या वयात अंगातून एकाएकी वाफा निघतात, मध्यरात्री घामाने अंथरूण भिजते, आणि सकाळी डबे मात्र वेळेवर करावे लागतात. अशा बाईला कोणी म्हटले की अमुक वनस्पती घ्या, ती ऐकणारच.

वनस्पतीत असा गुण असतो, ही थाप नव्हे. १९४० नंतरच्या दशकात पश्चिम ऑस्ट्रेलियात मेंढ्या वांझ होऊ लागल्या. दोष निघाला कुरणातल्या क्लोव्हरचा. आपल्या मेथीच्याच गोतातली ही वनस्पती. तिच्यातील आयसोफ्लाव्होन द्रव्ये मेंढीच्या शरीरात इस्ट्रोजेन या स्त्री-संप्रेरकासारखी वागत होती.

पुढे २००२ साली अमेरिकेत १६,६०८ स्त्रियांवर चाललेला इस्ट्रोजेन-प्रोजेस्टिनचा प्रयोग मध्येच थांबवावा लागला. स्तनाचा कर्करोग व पक्षाघात वाढलेले दिसले. भ्यालेल्या स्त्रिया ‘नैसर्गिक’ गोळ्यांकडे वळल्या. नैसर्गिक म्हणजे निरुपद्रवी, हे त्या मेंढ्यांना मात्र कोणी विचारले नाही!

२००३ साली एक प्रयोग प्रसिद्ध झाला. २५२ स्त्रियांना बारा आठवडे लाल क्लोव्हरच्या दोन प्रकारच्या गोळ्या किंवा औषधाविना पोकळ गोळी दिली. रोजच्या झळा एका गोळीने सरासरी ५.१ नी, दुसरीने ५.४ नी कमी झाल्या. आणि पोकळ गोळीने ५.० नी! म्हणजे ‘मला गुण आला’ म्हणणारी शेजारीण खोटे बोलत नाही. झळा काळाने ओसरतात, विश्वासानेही ओसरतात. श्रेय मात्र बाटलीला मिळते.

सोयाबीनचे थोडे निराळे. त्यातील डेडझीनपासून इक्वॉल करणारे जिवाणू काहींच्याच आतड्यात असतात. काही प्रयोगांत माफक गुण दिसला, काहींत नाही. जवसाची चटणी खावी. भाकरीबरोबर ती चांगली लागते एवढे कारण पुरे.

ज्यांना फारच त्रास होतो त्यांनी वैद्यकीय सल्ल्याने संप्रेरके घेण्याचा विचार जरूर करावा. साठीच्या आतील निरोगी स्त्रीला त्यांचा लाभ बहुधा धोक्यापेक्षा अधिक, असे आज तज्ज्ञ मानतात. स्तनाचा कर्करोग होऊन गेलेल्यांनी या अर्कांच्या गोळ्याही डॉक्टरांना विचारल्यावाचून घेऊ नयेत. आणि पाळी थांबून वर्ष उलटल्यावर पुन्हा रक्त दिसले, तर कोणतीही जडीबुटी न घेता लगेच तपासणी करून घ्यावी.