सणसवाडीहून नागपूर: अंतर किती, वेळ किती?

सणसवाडीच्या कारखान्यांत काम करणाऱ्या विदर्भातल्या मंडळींसाठी आजची माहिती.

पुण्याच्या लोहगाव विमानतळापासून नागपूरचं हवाई अंतर सुमारे 600 किलोमीटर. ताशी 800 किलोमीटर वेगाने ते पाऊण तासात कापलं जाईल. तिकिटावर मात्र साधारण सव्वा ते दीड तास दिसतो. धावपट्टीपर्यंत जाणं, वर चढणं, उतरणं, सगळंच त्यात धरलेलं असतं. हिवाळ्यात वरचे वारे पश्चिमेकडून वाहतात. म्हणून जाताना वेळ थोडा वाचतो, येताना वाढतो.

खरी कसोटी रस्त्यावर असते. चेक-इन काउंटर उड्डाणाच्या तासभर आधी बंद होतो. तेव्हा विमानतळाच्या वाटेवरची कोरेगाव भीमा, लोणीकंद, वाघोलीची गर्दी लक्षात घेऊन लवकर निघा आणि सुखरूप घरी पोहोचा.