जुनी गाडी मोडीत जाते, तेव्हा तिच्या जागी काय येते?

(शहादा येथे कार्यकर्त्यांपुढे केलेल्या भाषणाचा मजकूर)



आजचा विषय वरकरणी किरकोळ वाटेल. एस. टी.च्या जुन्या गाड्या मोडीत निघत आहेत. त्यावर राजकीय कार्यकर्त्याने भाषण करावे असे त्यात काय आहे, असा प्रश्न कोणाच्या मनात आल्यास नवल नाही. भांडे जुने झाले की मोडीत जाते, तशी गाडीही जाणारच. परंतु भांडे मोडीत घालणारी गृहिणी आधी घरात दुसरे भांडे आहे की नाही ते पाहते. एवढा साधा विवेक सार्वजनिक वाहतुकीच्या कारभारात पाळला जातो काय, हा माझा आजचा प्रश्न आहे.

आपल्या जिल्ह्याचा नकाशा डोळ्यांसमोर आणा. सुरत-भुसावळ रेल्वेमार्ग नवापूर आणि नंदुरबार या दोन तालुक्यांतून जातो. तापीच्या उत्तरेला शहादा, तळोदा, अक्कलकुवा आणि अक्राणी या चार तालुक्यांत रूळ नाही. २०११ च्या जनगणनेप्रमाणे जिल्ह्याची लोकसंख्या सुमारे साडेसोळा लाख. त्यांपैकी शेकडा ६९ आदिवासी आणि शेकडा ८० हून अधिक खेड्यापाड्यांत राहणारे. मुंबईच्या माणसाला लोकल जशी, कोलकात्याच्या माणसाला भुयारी रेल्वे जशी, तशी मोलगी आणि धडगावच्या माणसाला एस. टी. आहे. फरक इतकाच की मुंबईत एक गाडी चुकली तर काही मिनिटांत दुसरी येते. सातपुड्यात एक फेरी रद्द झाली तर दिवस जातो, आणि दिवसाबरोबर मजुरीही जाते.

आता मुद्द्याकडे येतो. सरकारी मालकीच्या आणि राज्य परिवहन उपक्रमांच्या ज्या वाहनांच्या नोंदणीस १५ वर्षे पूर्ण झाली, त्यांची नोंदणी १ एप्रिल २०२३ पासून रद्द ठरविणारा नियम केंद्र सरकारने केला. हा नियम चुकीचा आहे असे मी म्हणणार नाही. घाटातल्या उतारावर जुन्या गाडीचे ब्रेक सांभाळीत बसणाऱ्या चालकाला विचारा. तो या नियमाचे स्वागतच करील. मार्गस्थ बिघाड झालेल्या गाडीशेजारी तान्हे मूल घेऊन उन्हात उभ्या राहणाऱ्या बाईलाही जुन्या गाडीचा लळा नसतो. ज्यांना त्या गाडीतून रोज प्रवास करावा लागत नाही, त्यांनाच तिच्याविषयी हळवे होणे परवडते. म्हणून आपल्यापैकी जे कोणी ‘मोडीत काढण्यास विरोध करा’ असे सुचवितात, त्यांना मी नम्रपणे सांगेन की ती आपली मागणी होऊ शकत नाही. खिळखिळी गाडी हा आदिवासींचा हक्क नव्हे.

आपली मागणी दुसरी आहे, आणि ती समजण्यासाठी मुंबईचे उदाहरण घेऊ. मुंबईत विजेवरची पहिली गाडी ३ फेब्रुवारी १९२५ रोजी व्हिक्टोरिया टर्मिनस ते कुर्ला धावली. ती १,५०० व्होल्टच्या एकदिश प्रवाहावर चालत असे. पुढे हे तंत्र जुने झाले, आणि एकेक मार्ग २५,००० व्होल्टच्या प्रत्यावर्ती प्रवाहावर नेण्यात आला. त्या जुन्या जातीची शेवटची लोकल एप्रिल २०१६ मध्ये हार्बर मार्गावर धावली आणि निवृत्त झाली. कोलकात्यात १९८४ साली देशातील पहिली भुयारी रेल्वे सुरू झाली. तिचे जुने, वातानुकूलन नसलेले डबे ऑक्टोबर २०२१ मध्ये समारंभपूर्वक सेवेबाहेर काढण्यात आले. दोन्ही ठिकाणी लोकांनी जुन्या गाड्यांना निरोप दिला, छायाचित्रे घेतली. तथापि दुसऱ्या दिवशी सकाळी फलाटावर नवी गाडी उभी होती. म्हणूनच तो निरोप समारंभ ठरू शकला. जिथे दुसऱ्या दिवशी काहीच येत नाही, तिथे निरोपाचा समारंभ होत नसतो. तिथे फक्त वेळापत्रकाच्या फलकावरची एक ओळ पुसली जाते.

आपल्याकडे नेमके हे घडते. कोरोनाच्या साथीपूर्वी एस. टी.च्या ताफ्यात अठरा हजारांहून अधिक गाड्या होत्या. २०२५ पर्यंत ही संख्या सोळा हजारांच्या खाली आली. मोडीत जाणाऱ्या गाड्यांचा वेग मोठा आणि येणाऱ्या गाड्यांचा वेग लहान, असा याचा सरळ अर्थ. गाड्या कमी पडल्या की फेऱ्या कापाव्या लागतात. मग कोणती फेरी प्रथम कापली जाते? जिचे भारमान कमी आणि उत्पन्न कमी, ती. लांब पल्ल्याची गाडी किलोमीटरमागे जास्त पैसा आणते, म्हणून नवी गाडी तिकडे लागते आणि उरलेली तूट शेवटच्या गावाच्या वाट्याला येते. यात कोणा एका अधिकाऱ्याचा दुष्टपणा नाही. ज्या हिशेबाने त्याला कारभार करावयास सांगितला आहे, त्या हिशेबाचे हे फळ आहे.

मुक्कामी गाडीचे उदाहरण पाहा. संध्याकाळी गावी जाणारी, रात्री तिथेच थांबणारी आणि पहाटे निघणारी ही गाडी. कागदावर तिचे भारमान कमी दिसते. परंतु पहाटे तालुक्याच्या दवाखान्यात जाणारा रोगी, तारखेला कोर्टात हजर व्हावयाचा शेतकरी, बाजाराला भाजीची पाटी नेणारी बाई आणि सातव्या इयत्तेच्या पुढची शाळा गावात नसलेली मुलगी, या सर्वांची दिवसाची सुरुवात त्या गाडीने होते. ती बंद झाली की रोगी दवाखान्यात जाणे पुढे ढकलतो, आणि मुलीचे नाव शाळेच्या पटावर राहते पण मुलगी घरी राहते. मुलींना बारावीपर्यंत मोफत पास आहे, ही चांगलीच गोष्ट आहे. पण गाडीच नसेल तर पास हा केवळ कागद उरतो. महिलांना मार्च २०२३ पासून मिळालेल्या अर्ध्या तिकिटाचेही तेच. सवलत जाहीर झाली मुंबईत. ती प्रत्यक्षात उतरते गाडीच्या पायरीवर.

गाड्यांची ही तूट भरून काढण्याचे दोन मार्ग अवलंबिले गेले. पहिला डागडुजीचा. जुन्या चासीवरचा अॅल्युमिनियमचा सांगाडा काढून पोलादी सांगाडा चढविण्यात आला. अपघातात प्रवाशाचे रक्षण अधिक होते, हा त्याचा लाभ मान्य केला पाहिजे. परंतु अंगरखा नवा झाला तरी हाडे जुनीच राहतात. नोंदणीचे वय सांगाड्यावरून मोजले जात नाही.

दुसरा मार्ग भाड्याच्या गाड्यांचा. ५,१५० विजेच्या गाड्या भाडेतत्त्वावर घेण्याचा करार झाला; ठरल्या मुदतीत त्या आल्या नाहीत. आणखी १,३१० गाड्या भाड्याने घेण्याचा प्रस्ताव २०२५ च्या आरंभी सरकारलाच थांबवावा लागला. मुंबईत बेस्टने हाच प्रयोग केला, तेव्हा काही कंत्राटदारांनी मध्येच काढता पाय घेतला, आणि ऑगस्ट २०२३ मध्ये कंत्राटी चालकांनी पगारासाठी काम बंद केले. मुंबईत कंत्राटदार नफ्याचे गणित जुळत नाही म्हणून निघून जात असेल, तर देवगोईच्या घाटात तो किती दिवस टिकेल? याउलट स्वतःच्या मालकीच्या २,६४० गाड्या घेण्याचा निर्णय झाला आणि २०२५ मध्ये त्या रस्त्यावर येऊ लागल्या. दोन्ही मार्गांचे फळ डोळ्यांसमोर आहे. दापोडी, चिकलठाणा आणि हिंगणा येथे महामंडळाच्या स्वतःच्या मध्यवर्ती कार्यशाळा आहेत, हेही आपण विसरू नये.

‘एस. टी. तोट्यात आहे, पैसा कोठून आणावयाचा?’ हा प्रश्न तुम्हांला चावडीवर विचारला जाईल. संचित तोटा दहा हजार कोटी रुपयांच्या वर गेला आहे, हे खरे. पण याच एस. टी.च्या उत्पन्नावर वर्षानुवर्षे साडेसतरा टक्के प्रवासी कर सरकारने घेतला. सवलती सरकारने द्यावयाच्या आणि त्यांची रक्कम येईपर्यंत पगार व डिझेल महामंडळाने उधारीवर भागवावयाचे, असा हा व्यवहार. रस्ता, शाळा, दवाखाना यांचा आपण तोटा मोजत नाही. शाळेपर्यंत नेणाऱ्या गाडीचाच तेवढा का मोजावा? १ जून १९४८ रोजी पुणे-अहमदनगर मार्गावर पहिली गाडी सुटली, तेव्हाच्या राज्यकर्त्यांना हे कळत होते. खाजगी मोटारवाले जिथे पैसा तिथेच धावत, म्हणून तर सरकारला स्वतः गाडी घालावी लागली.

ही गाडी नसली की काय होते, याचे प्रात्यक्षिक २०२१ च्या अखेरीपासून एप्रिल २०२२ पर्यंतच्या संपात आपण पाहिले. आपल्या वेतनासाठी आणि विलीनीकरणासाठी झगडणाऱ्या कर्मचाऱ्यांना मी दोष देत नाही. त्यांच्यापैकी कित्येकांनी त्या काळात जीव गमावला. पण त्या महिन्यांत काळीपिवळी जीपच्या टपावर बसून माणसे गेली. गाड्या मोडीत काढून नव्या न आणणे म्हणजे तोच संप हळूहळू, आवाज न करता, कायमचा घडवून आणणे होय.

तेव्हा काम काय? पहिले, नंदुरबार, शहादा, नवापूर आणि अक्कलकुवा या चारही आगारांतील प्रत्येक गाडीचे नोंदणीवर्ष माहितीच्या अधिकाराखाली मागवा. पुढील पाच वर्षांत कोणत्या वर्षी किती गाड्या जाणार, हे त्यावरून आजच कळेल. दुसरे, बंद झालेल्या फेऱ्यांची गाववार यादी करा; तिच्यात मुक्कामी गाड्या वेगळ्या दाखवा. तिसरे, ग्रामसभांचे ठराव घ्या. हा अनुसूचित क्षेत्राचा जिल्हा आहे आणि १९९६ च्या पेसा कायद्याने ग्रामसभेला अधिकार दिले आहेत. त्यांचे वजन वापरा. चौथे, जिल्हा १९९८ साली वेगळा झाला तरी ही आगारे धुळे विभागाखालीच राहिली, म्हणून निवेदन विभाग नियंत्रकांकडे धुळ्याला न्यावे लागेल. ते चालक-वाहकांना बरोबर घेऊन न्या. प्रवासी आणि कर्मचारी एकमेकांचे वैरी आहेत, हा समज ज्यांच्या सोयीचा आहे त्यांना तो लखलाभ होवो.

आणि मागणी एकाच वाक्यात मांडा: आधी नवी गाडी आगारात, मग जुनी मोडीत, नवी गाडी महामंडळाच्या मालकीची आणि घाटवळणाला साजेल अशा आखूड बांध्याची. यात क्रांतीची भाषा नाही. पण धडगावच्या शाळेत जाणारी मुलगी पहाटे फाट्यावर उभी असते, तेव्हा तिला भाषा नको असते, गाडी हवी असते. ती वेळेवर येईल, एवढे आपण करू शकलो तरी पुष्कळ झाले.