साइड पॅनलची तुटकी खुंटी

२००३ साली आलेली करिझ्मा मोटारसायकल आजही कितीतरी जण जिवापाड जपतात. इंजिन ठणठणीत असतं, पण साइड पॅनलची खुंटी तुटलेली. पॅनल फेकू नका, आधी उलटून पाहा. आतल्या बाजूला बहुधा ‘एबीएस’ किंवा ‘पीपी’ अशी प्लास्टिकचा प्रकार सांगणारी अक्षरं उठवलेली असतात. पुढचं सगळं त्यावर ठरतं.

एबीएस ॲसिटोनमध्ये विरघळतं. त्याच प्लास्टिकचे तुकडे काचेच्या बाटलीत ॲसिटोनमध्ये रात्रभर ठेवले की दाट खळ तयार होते. खुंटीजवळ पॅनलला तडा गेला असेल, तर तो जिथे संपतो तिथे बारीक भोक पाडा, म्हणजे तो पुढे सरकत नाही. मग आतून स्टीलची बारीक जाळी ठेवून खळ भरा आणि निदान एक दिवस हात लावू नका. बाहेरच्या बाजूला थेंबही नको, रंग उतरतो. ॲसिटोन पटकन पेट घेतं. खिडक्या उघड्या ठेवा, आगकाडी लांब. पीपीवर मात्र ही खळ धरतच नाही, तिथे पीपीचीच कांडी वितळवून जोड द्यावा लागतो.

आणि खुंटी मुळात तुटते का? ती ज्या रबरात बसते ते वर्षानुवर्षांच्या उन्हाने आणि इंजिनच्या उष्णतेने कडक झालेलं असतं. काही रुपयांचं ते रबर आधी बदला, आणि पॅनल बसवताना रबराला साबणाचं पाणी लावा.