मराकेशला निघालेल्या मैत्रिणींसाठी



आपल्या वर्गातल्या सहाजणी दिवाळीनंतर मोरोक्कोला निघाल्या आहेत. मुलाच्या नोकरीमुळं मी मराकेशला दोन महिने राहून आले, म्हणून संयोजकांनी मला बोलायला उभं केलंय. ‘या वयात, एवढ्या लांब, नुसत्या बायकाच?’ असं प्रत्येकीच्या घरी विचारलं जातंय, हेही मला ठाऊक आहे. माझं म्हणणं साधं आहे. चैत्री पौर्णिमेच्या जत्रेत पोरं, पिशवी आणि पैसे सांभाळत चुनखडी वेचून जी घरी आली, तिला मराकेश जड नाही. चार गोष्टी मात्र आधी माहीत हव्यात.

पहिलं खाण्याचं. तिथलं हरीरा म्हणजे टोमॅटो, मसूर, हरभऱ्याचं दाट सूप. पण त्यात बहुतेकदा मांस असतं. भाज्यांचा कुसकुससुद्धा मांसाच्या रश्शावर शिजवलेला असू शकतो. म्हणून ‘ब्ला लहम’, म्हणजे बिनमांसाचं, हे दोन शब्द पाठ करा. बिसारा नावाचं वाळलेल्या बाकल्याचं दाट कालवण जिरं आणि ऑलिव्ह तेल घालून देतात. सोबत गोल रोटी. पिठल्याची आठवण येते. पुदिन्याचा चहा फार गोड. साखरेचा त्रास असणाऱ्यांनी ‘ब्ला सुक्कर’ म्हणायचं. पाणी बाटलीचंच.

त्याच देशातल्या टँजियरचा इब्न बतूता १३२५ साली घरातून निघाला आणि पुढं आपल्या दौलताबादलाही आला. आपल्याकडची मुगाची खिचडी पाहून त्यानं लिहिलं, की आमच्याकडे जसं हरीरा, तशी यांची खिचडी. तो इकडं आला, आता तुम्ही तिकडं चाललात, एवढंच!

खरेदीचं. ‘बश्हाल?’ म्हणजे केवढ्याला. पहिला भाव हा शेवटचा भाव नसतो. आपला भाव हसून सांगा, नाही पटला तर पुढं चला. मात्र भाव ठरल्यावर माघार घेऊ नका. ते तिथं वाईट दिसतं. ढिगानं स्वस्त मिळतं ते केशर नसतं. पैसे तिथं गेल्यावरच बदला आणि पावती जपा. उरलेले दिरहम परत बदलताना लागते.

आता जपण्याचं. जमा अल-फना चौकात मेंदीवाल्या हात धरून मेंदी काढू लागतात आणि मग पैसे मागतात. काळ्या मेंदीनं तर कातडी भाजते. साप-माकडांचे फोटो काढले, की पैसे द्यावे लागतात. ‘हा रस्ता बंद आहे, मी दाखवतो’ म्हणणाऱ्या पोरांना ‘ला, शुक्रन’ म्हणायचं आणि थांबायचं नाही. मागून ‘बालक! बालक!’ ऐकू आलं तर लेकरू शोधू नका. ‘बाजूला व्हा’ असा त्याचा अर्थ. गल्लीत मोटारसायकली सुसाट येतात. टॅक्सीत बसण्याआधी मीटरचं बोला. पासपोर्ट खोलीत कुलपात, छायाप्रत पर्समध्ये. पोलिसांचा नंबर १९. चुकामूक झाली तर चौकात या आणि कुतुबियाचा उंच मनोरा बघा. आपल्याला डोंगरावरचं देऊळ दिसतं, तसा तो दिसतो. भेटायची जागा तीच ठरवा.

घरच्यांची काळजी खरी आहे, तिला हसू नका. रोज रात्री एक फोन करा. पण जा. आयुष्यभर सगळ्यांचे डबे भरले; आता एकदा आपली बॅग भरा.