वाल्याच्या घरचे आणि उधळ्या मुलाचा बाप

(स्नेहमेळाव्यात केलेले भाषण)



समितीचा निरोप होता की आपापल्या नोकरीधंद्याबद्दल बोलू नका, आवडीचा विषय घ्या. मी 'ख्रिस्ती धर्मातली क्षमा' असा विषय कळवला, तेव्हा समितीतल्या दोघांनी फोन करून खात्री करून घेतली. सॉफ्टवेअरवाली बाई, हिचं हे काय मध्येच! मी ख्रिस्ती नाही. पण या विषयावरची पुस्तकं आणि चित्रं मला आवडतात, आणि त्यातले काही धागे आपल्या सोलापूरपर्यंत येतात, म्हणून बोलते.

वाल्या कोळ्याची गोष्ट आपण सगळ्यांनी लहानपणी ऐकली आहे. माझ्या पापात वाटा घ्याल का, असं तो घरी विचारतो आणि घरचे म्हणतात, तुझं पाप तुझं. वाल्याचे डोळे उघडतात, तो एकटा तपाला बसतो आणि वाल्मीकी होतो. घरच्यांचं उत्तर तसं व्यवहाराला धरूनच आहे. ख्रिस्ती श्रद्धा नेमकी इथे वेगळी वाट धरते. तिचं म्हणणं असं की ज्याचा अपराध झाला, त्या देवानेच पापात वाटा घेतला. क्रूसाचा अर्थ त्यांच्या लेखी हाच. म्हणजे क्षमा ही 'जाऊ दे, झालं गेलं' म्हणण्याइतकी स्वस्त गोष्ट नाही. तिचा खर्च कोणाच्या तरी अंगावर पडतो.

येशूला पकडलं त्या रात्री त्याचे दोन शिष्य घसरले. यहूदाने तीस नाण्यांसाठी त्याला धरून दिलं. पेत्राने कोंबडा आरवायच्या आत तीनदा सांगितलं, मी या माणसाला ओळखत नाही. पश्चात्ताप दोघांनाही झाला, हे आपण विसरतो. मत्तयाच्या शुभवर्तमानात यहूदा नाणी घेऊन याजकांकडे जातो आणि आपलं पाप कबूल करतो. याजकांचं उत्तर जवळजवळ वाल्याच्या घरच्यांचंच आहे: आम्हाला त्याचं काय, तुझं तू बघ. यहूदा नाणी फेकतो आणि जाऊन गळफास घेतो. डच चित्रकार रेम्ब्रांटने १६२९ मध्ये, विशीबाविशीत, हा प्रसंग रंगवला. यहूदा गुडघ्यांवर, हात एकमेकांत घट्ट गुंतवलेले, नाणी जमिनीवर आणि याजकाने तोंड फिरवलेलं.

पेत्र मात्र रडतो, परत येतो आणि पुढे त्याच मंडळीचा पुढारी होतो. पश्चात्ताप दोघांचाही खरा होता. माझ्या मते फरक इतकाच की पेत्राला परत जायला कोणीतरी होतं.

इथे एकच वाक्य नोकरीतलं बोलू द्या. आमच्याकडे चुकीचा बदल 'रिव्हर्ट' करतात, तेव्हा जुनी नोंद पुसली जात नाही. तिच्याखाली एक नवी नोंद येते. पेत्राचं नाकारणं चारही शुभवर्तमानांत लिहिलेलं आहे. पुढारी झाला म्हणून त्याच्या माणसांनी ते पान फाडलं नाही.

आता उधळ्या मुलाचा दाखला. धाकटा मुलगा वाटणी मागून घेतो, परदेशात उडवतो, डुकरं राखायची पाळी येते. घरी परतताना तो वाटेत भाषण पाठ करत येतो: मी मुलगा म्हणवून घ्यायला लायक नाही, मला चाकर म्हणून ठेवा. बाप लांबूनच बघतो आणि धावत सुटतो. आपल्या गावाकडचा एखादा म्हातारा पाटील भररस्त्यात धावतोय असं डोळ्यांसमोर आणा, म्हणजे त्यातलं नवल कळेल. मुलाचं भाषण पुरं होतच नाही. चाकरीचा मुद्दा यायच्या आत बाप अंगरखा, अंगठी आणि पायताण मागवतो.

हाच प्रसंग रेम्ब्रांटने आयुष्याच्या शेवटी रंगवला. चित्र आज सेंट पीटर्सबर्गच्या हर्मिटेज संग्रहालयात आहे. मी ते छापील पुस्तकातच पाहिलंय. मुलाचं डोकं भादरलेलं, एक चप्पल पायातून निसटलेली. आणि उजवीकडे ताठ उभा असलेला माणूस, बहुतेक जाणकार म्हणतात तो थोरला भाऊ. खरं सांगू? मला कायम या थोरल्याचंच पटत आलंय. आपण पहिल्या बाकावरची मुलं ना! रोज गृहपाठ केला आणि पेढे दुसऱ्यालाच. बाप त्याचीही समजूत काढायला बाहेर येतो, पण तो आत गेला की नाही हे लूक लिहीत नाही.

मराठीत ही सगळी कथा फार आधी आली. फादर थॉमस स्टीफन्स या इंग्रज जेझुइटाने गोव्यात ओवीबद्ध ख्रिस्तपुराण लिहिलं, ते १६१६ मध्ये राचोलला छापलं गेलं. पण त्याच गोव्यात १५६० पासून इन्क्विझिशनही होतं, आणि तिथे कबुली भीतीपोटी घेतली जाई. क्षमेचं काव्य आणि धाकाची कचेरी एकाच राजवटीत नांदत होती, हे सांगितल्याशिवाय पुढे जाणं मला प्रामाणिक वाटत नाही.

पंडिता रमाबाईंचं उदाहरण मला सगळ्यात जवळचं वाटतं. पुण्याला जाताना दौंड सोडलं की केडगाव लागतं, आपली गाडी बहुधा तिथे थांबत नाही. रमाबाई १८८३ मध्ये इंग्लंडला गेल्या आणि त्याच वर्षी २९ सप्टेंबरला वाँटेज इथे त्यांचा बाप्तिस्मा झाला. लंडनजवळ फुलहॅमला ख्रिस्ती भगिनींचं एक घर होतं. समाजाने 'पतित' म्हणून टाकलेल्या स्त्रियांना तिथे ठेवून घेत, काम देत. धर्मशास्त्रं मुखोद्गत असलेल्या या विदुषीला तात्त्विक वादापेक्षा त्या घराने हलवलं. हे तुम्ही का करता, असं विचारल्यावर भगिनींनी त्यांना विहिरीवरच्या शोमरोनी बाईची गोष्ट वाचायला दिली.

गंमत म्हणजे, आपल्याला धर्म मिळाला होता, ख्रिस्त नव्हे, असं त्यांनी स्वतःच पुढे 'माझी साक्ष'मध्ये सांगितलं. आपलीच क्षमा झाली आहे हे पटायला त्यांना बाप्तिस्म्यानंतर आणखी काही वर्षं लागली. मग केडगावला दुष्काळातल्या मुलींसाठी मुक्तिसदन आलं आणि फुलहॅमसारखंच 'कृपासदन'ही. रमाबाईंची क्षमा अशी होती: अंथरूण, भाकरी, छापखान्यातलं काम. त्याच छापखान्यासाठी त्या बायबलचं सोप्या मराठीत भाषांतर करत होत्या. १९२२ मध्ये त्या गेल्या, संपूर्ण ग्रंथ त्यांच्यामागून छापून झाला.

आता आपल्या गावाकडे येते. 'सेटलमेंट' हा शब्द सोलापूरकराला समजावून सांगावा लागत नाही. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने काही जमातींत जन्म घेणं हाच गुन्हा ठरवला. आपल्याकडे तारेच्या कुंपणात घरं, रोजची हजेरी आणि बाहेर जायला परवाना. देशात अशा कित्येक वसाहतींची व्यवस्था साल्व्हेशन आर्मीसारख्या ख्रिस्ती संस्थांकडेही होती. क्षमेची गोष्ट सांगणारी माणसं, न केलेल्या पापाबद्दल लोकांना 'सुधारत' होती. कायदा ३१ ऑगस्ट १९५२ ला रद्द झाला. पण गावात चोरी झाली की पोलिसांची गाडी आधी कुठे वळायची, हे आपल्या पिढीनेही पाहिलंय.

इथे पश्चात्ताप कोणी करायचा? कुंपणातल्यांनी तर नाहीच. कायदा लिहिणारे गेले. उरतो तो गाव, म्हणजे यहूदाला 'तुझं तू बघ' म्हणणाऱ्या याजकांच्या जागी आपण बसलो आहोत का, हा प्रश्न.

त्या वस्तीतून आलेले आपले वर्गमित्र आज या सभागृहात आहेत. दहावीपर्यंत एका बाकावर बसून त्यांच्या घरची ही गोष्ट वर्गात कधी निघाली नाही. जेवणानंतर खुलं सत्र आहे. माझी वेळ संपली, पण त्यांना बोलायचं असेल तर समितीने त्यांना घड्याळ दाखवू नये, एवढी विनंती करते.