झोप लागताना दम का अडकतो?

शिरूर-दौंडच्या गावागावांतल्या गटांतल्या ताई, वहिनी, काकू, सगळ्या ऐकताय ना?

मध्यंतरी आमच्या गटाची बैठक संपली, वह्या मिटल्या आणि एक काकू हळूच म्हणाल्या, "डोळा लागायला लागला की श्वास अडकतो गं. दचकून उठून बसते. घरचे म्हणतात, मनाचे खेळ आहेत." आठ महिने त्यांनी हे कुणाला सांगितलं नव्हतं. त्यांचं ऐकून आणखी तिघी बोलल्या. म्हणून आजचा हा विषय.

झोप लागताना कधीतरी अंगाला झटका बसतो, पडल्यासारखं वाटतं. हे पुष्कळांना होतं, त्याला घाबरू नका. पण वारंवार श्वास अडत असेल, तर कारण शोधायलाच हवं.

पहिलं कारण धुराचं. पुण्याचे डॉ. संदीप साळवी यांनी २००९ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात सहकाऱ्याबरोबर लिहिलं होतं, की बिडी-सिगारेट न ओढणाऱ्यांनाही सीओपीडी हा फुप्फुसाचा आजार होतो. त्यात चुलीचा धूर मोठा. आपल्याकडे गॅस आला, तरी पाणी तापवायला आणि भाकरीला चूल पेटतेच. त्यात रात्री दार-खिडकी लावून डासांची अगरबत्ती! २००३ सालच्या एका अभ्यासात एका अगरबत्तीतून निघणारे बारीक कण ७५ ते १३७ सिगारेटींएवढे भरले. त्यापेक्षा मच्छरदाणी लावा. दम्याचा त्रासही रात्री वाढतो.

दुसरं, अंगात रक्त कमी असणं. गरोदर नसलेल्या बाईचं हिमोग्लोबिन १२ च्या खाली गेलं की रक्त कमी. मग धाप लागते, छाती धडधडते.

तिसरं, घोरणं. जोरात घोरताना मध्येच श्वास थांबतो, गुदमरून जाग येते, दिवसभर पेंग येते. वजन जास्त असेल तर हे जास्त होतं. शेजारी झोपणाऱ्यानं ते डॉक्टरांना सांगावं.

चौथं, उशिरा जेवून लगेच आडवं होणं. त्यानं आंबट पाणी घशाशी येतं.

काळजीनंही छाती भरून येते. पण तपासणी झाल्याशिवाय 'काळजीच आहे' असं ठरवू नका.

आता नीट ऐका. सपाट झोपलं की दम लागतो, दोन-तीन उशा लागतात, पायावर सूज आहे, तर हृदयाचा त्रास असू शकतो. लवकर दवाखाना गाठा. छातीत दुखलं, ओठ निळे पडले, बोलताना दम पुरेना, तर १०८ ला फोन करा. आणि झोपेची गोळी मनानं घेऊ नका, त्यानं श्वास आणखी मंदावू शकतो.

१५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत तपासणी आणि उपचार मोफत आहेत. त्यामुळे खर्चाच्या भीतीनं थांबू नका. जाताना त्रास कधी होतो, किती वेळा होतो, हे लिहून न्या.

आमच्या काकूंना गटानं गाडीभाडं दिलं, मी सोबत गेले. रक्त फार कमी निघालं. औषध सुरू झालं, आता त्या झोपतात. हे मनाचे खेळ नव्हते.

पुढच्या बैठकीत हप्ता गोळा झाला की एकमेकींना एवढंच विचारा, "झोप लागते का गं नीट?"