तालीम म्हणजे शिक्षण



वसंत व्याख्यानमालेत वेदान्तापासून अर्थकारणापर्यंत पुष्कळ विषय येऊन जातात. ज्या देहाच्या आधाराने आपण ते ऐकतो, त्याची पाळी मात्र क्वचितच येते. म्हणून आज आम्ही हा साधा विषय घेतला आहे.

कुस्तीच्या आखाड्याला आपण 'तालीम' म्हणतो. शब्द मूळचा अरबी, अर्थ शिक्षण. नुसती मेहनत आणि तालीम यांत फरक आहे तो येथेच. दिवसभर ओझी वाहणाऱ्या हमालाइतकी मेहनत कोण करतो? पण त्या मेहनतीला क्रम नसतो, माप नसते, आणि विश्रांती त्याच्या हाती नसते. व्यायामाला या तिन्ही गोष्टी हव्यात.

प्रथम क्रम. थंडी पडली की पुष्कळांना उत्साह येतो. पहिल्याच दिवशी शंभर बैठका होतात, तिसऱ्या दिवशी जिना उतरवत नाही आणि आठवड्याने सारेच बंद पडते. मग आपण स्वतःला आळशी म्हणवून घेतो. आमच्या मते येथे दोष आळसाचा नसून हिशेबाचा आहे. शरीराला सवयीपेक्षा थोडा अधिक भार दिला की ते तो पेलण्याइतके सुधारते. एकदम फार दिला तर दुखावते. शिवाय स्नायूंत जोर लवकर येतो, पण स्नायूंना हाडाशी जोडणाऱ्या कंडरा सावकाश बळकट होतात. म्हणून दहा बैठकांनी आरंभ करावा, आणि त्या सहज होऊ लागल्या म्हणजेच संख्या वाढवावी.

दुसरी गोष्ट विश्रांती, आणि आमचा खरा आग्रह हिच्यासाठी आहे. व्यायाम करताना बळ खर्च होते. ते वाढते मागाहून, अन्न आणि झोप यांच्या योगाने. कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव आपणां सर्वांना ठाऊक आहेत. 1948 साली लंडनच्या ऑलिंपिकमध्ये त्यांचा सहावा क्रमांक आला. लाल मातीत वाढलेल्या या मल्लाला तेथे गादीवर लढावे लागले. पुढे चार वर्षे त्यांनी कसून तयारी केली आणि 1952 साली हेलसिंकीला कांस्यपदक मिळविले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक. त्या स्पर्धेची एक हकीकत नेहमी सांगितली जाते. जपानच्या इशीशी प्रदीर्घ झुंज झाल्यावर खाशाबांना लगेच सोव्हिएत संघाच्या मल्लासमोर उभे करण्यात आले. दोन कुस्त्यांमध्ये अर्ध्या तासाची विश्रांती हा नियम होता. पण तो दाखवून देणारा आपला कोणी अधिकारी तेथे हजर नव्हता. खाशाबा ती कुस्ती हरले. चार वर्षांच्या मेहनतीला अर्धा तास कमी पडला! एवढ्या मोठ्या मल्लाची जेथे ही गत, तेथे रात्री बारापर्यंत जागून पहाटे पाचला धावायला निघणाऱ्या आपल्या मुलांचे काय? एकाच अवयवाला जोराचा व्यायाम दिल्यावर एक दिवस तरी मोकळा ठेवावा, आणि झोपेला व्यायामाचाच भाग समजावे.

तिसरे माप. जागतिक आरोग्य संघटनेने 2020 साली ठरविलेले प्रमाण सोपे आहे. प्रौढांनी आठवड्यात निदान 150 मिनिटे भरभर चालण्यासारखा व्यायाम करावा आणि दोन दिवस स्नायूंच्या बळकटीला द्यावेत. पासष्टीच्या पुढे आठवड्यातून तीन दिवस तोल सांभाळण्याचाही सराव करावा, कारण म्हातारपणी एक पडणे माणसाला कायमचे अंथरुणाला खिळवू शकते. चालण्याचा वेग जोखायला घड्याळ नको. बोलता यावे, पण गाणे म्हणता येऊ नये, इतपत दम लागला म्हणजे तो योग्य. मात्र छातीत कळ आली किंवा भोवळ आली तर 'थोडे सोसावे' हा विचार करू नये. तत्काळ थांबून डॉक्टरांकडे जावे. या वैशाखाच्या दिवसांत तर व्यायाम सकाळच्या गारव्यातच उरकावा आणि पाणी पीत असावे.

आता शेवटचे, आणि जरा कडू. वाढत्या मुलांना दररोज सरासरी साठ मिनिटे हालचाल हवी. पण परीक्षा जवळ आली की शाळेत पहिली गदा येते ती खेळाच्या तासावर, आणि आपण पालक त्याबद्दल अवाक्षर काढीत नाही. गणिताचा तास बुडाला असता तर आपण स्वस्थ बसलो असतो काय? घरातही मुलगा मैदानावर असतो तेव्हा मुलगी स्वयंपाकघरात असते. आणि तिच्या आईने घरकामात दिवसभर केलेल्या उठबशीलाच आपण व्यायाम म्हणून मोकळे होतो. त्या हमालाप्रमाणे तिच्याही वाट्याला मेहनत आहे, तालीम नाही.

तालीम म्हणजे शिक्षण असेल, तर त्यावर घरातल्या प्रत्येकाचा हक्क आहे. ज्यांना शक्य आहे त्यांनी आज घरी चालतच जावे, आणि जाऊन वेळेवर झोपावे, एवढीच विनंती.